जिप्सीला बसवलेला फोर-टू-वन हेडर: मिरजोळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा अनुभव

आमची आंब्याची कलमं रत्नागिरी जिल्ह्यात पावस आणि पूर्णगडच्या मधे, खाडीकडे उतरणाऱ्या डोंगरावर आहेत. खालच्या टप्प्यापासून वर पॅकिंगच्या शेडपर्यंत जांभ्या दगडांची वाट आहे, अर्धा-पाऊण किलोमीटरची. मधे एक उलटं वळण लागतं आणि त्याच्यापुढे असा उभा चढ, की भरलेली गाडी तिथे बंद पडली तर हँडब्रेकला दाद देत नाही, मागच्या चाकाला दगड लावावा लागतो. एप्रिलात या वाटेवर दिवसाला आठ-दहा खेपा होतात. प्रत्येक खेपेला वीस-वीस किलोचे सतरा-अठरा क्रेट. हे काम बाबांच्या २००७ सालच्या जिप्सीने वर्षानुवर्षं केलंय आणि बाबा गेल्यावरही तीच करते. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या पाईपाने नेऊन पुढे एकत्र करणारा पाईपांचा जोड. त्याबद्दल जे काही वाचायला-ऐकायला मिळतं ते बहुतेक वेगासाठी असतं. मी तो ओझ्यासाठी करून घेतला, त्यामुळे हा अनुभव तसंच काम असणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल.

सुरुवात एका तड्यापासून झाली. गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास हेडरच्या जागी कंपनीचा जो बिडाचा मॅनिफोल्ड असतो, त्याला तीन नंबरच्या पोर्टजवळ, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा धूर येतो त्या तोंडाजवळ, चीर गेली. थंड इंजिन चालू केलं की टक-टक आवाज यायचा आणि गरम झालं की थोडा दबायचा. गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली तेही त्यामुळेच. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मॅनिफोल्डच्या पुढे बसतो. चिरेतून बाहेरची हवा आत ओढली गेली की सेन्सरला वाटतं मिश्रणात हवा जास्त आहे, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल वाढवतो. हंगाम तोंडावर आलेला, कंपनीचा मॅनिफोल्ड लगेच मिळत नव्हता. तेव्हा एका दुकानातून मी तयार ‘रेसिंग हेडर’ मागवला. फोर-वन, म्हणजे चारही सिलिंडरचे आखूड पाईप एकाच ठिकाणी जुळणारे. पावणेदोन इंची, चकचकीत पॉलिश केलेला. विकणाऱ्याने ‘पॉवर वाढते’ एवढंच सांगितलं. कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) वाढते हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मी रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. प्रश्न मलाच सुचायला हवा होता.

हेडर बसवला आणि पहिल्याच खेपेला त्या वळणापुढे गाडी मेली. आधी जिथे दुसऱ्या गिअरला कुरकुरत का होईना वर यायची, तिथे पहिला टाकायला लागला. अठरा क्रेट असतील तर ट्रान्सफर लिव्हर टाकून फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर. मोकळ्या रस्त्यावर, हातखंब्याच्या पुढे हायवेला, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की गाडी खरंच आधीपेक्षा मोकळी पळायची. तो हेडर खोटा नव्हता, त्याचं काम वेगळं होतं. माझ्या वाटेवर मात्र त्याचा उपयोग शून्य. तो अख्खा हंगाम मी क्लच जाळत काढला आणि जूनमध्ये क्लचप्लेट बदलली.

मिरजोळे एमआयडीसीतल्या या वर्कशॉपचं नाव मला आमच्या बोटीवाल्या शेजाऱ्याने सुचवलं. त्याच्या ट्रॉलरच्या इंजिनाचं एक्झॉस्ट तिथेच केलेलं. बाहेरून पाहिलं तर ग्रिल-गेट करणारं साधं शेड वाटतं, आणि तेही काम तिथे चालतंच. पण आत एका कोपऱ्यात आर्गन वेल्डिंगचं मशीन, स्टेनलेसच्या बेंडांचे ढीग आणि भिंतीला टांगलेल्या जुन्या मॅनिफोल्डच्या फ्लँजा (इंजिनाला नटांनी आवळायच्या जाड पट्ट्या) आहेत. मिस्त्री पन्नाशीचे असतील. मी रेसिंग हेडर टेबलावर ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “ताई, गाडी कुठे चालवता?” किती पॉवर हवी, किती आवाज हवा, यातलं काही नाही. वाट किती उभी, वजन किती, कुठल्या गिअरला मरते, मरताना धक्के देते की नुसती बसते. मी सांगत गेले आणि ते खडूने लोखंडी टेबलावर आकडे मांडत गेले. तेव्हाच ठरलं की काम यांनाच द्यायचं.

मग त्यांनी मला जे समजावलं ते डिप्लोमाच्या वर्गात मी पाठ केलं होतं, पण समजलं त्या टेबलापाशी.

एक्झॉस्ट वाल्व उघडला की जळालेला वायू एका झटक्यात पाईपात घुसतो. तो नुसता वाहत नाही, त्याचा एक दाबाचा ठोका पाईपातून पुढे धावतो. तापलेल्या वायूत या ठोक्याचा वेग सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटरच्या घरात असतो, बाहेरच्या हवेतल्या आवाजाच्या वेगापेक्षा बराच जास्त. पाईप जिथे मोठ्या जागेत उघडतो तिथे पोचल्यावर ठोका उलटा फिरतो, आणि उलटताना दाबाचा ओढ होतो. हा ओढ वाल्वपाशी परत येतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वाल्व थोडे थोडे उघडे असण्याचा जो क्षण असतो, नेमका तेव्हा तो पोचला तर सिलिंडरमध्ये उरलेला धूर उपसून काढतो आणि ताजं मिश्रण आत खेचायला मदत करतो. चुकीच्या वेळी पोचला तर उलट नुकसान. आता ३००० आरपीएमला एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात आणि ६००० ला १०. ठोक्याचा वेग आरपीएमप्रमाणे बदलत नाही, तो जवळपास तोच राहतो. म्हणून आखूड पाईपातला ओढ लवकर परततो आणि जास्त आरपीएमला जुळतो. लांब पाईपातला उशिरा परततो आणि कमी आरपीएमला जुळतो. माझा रेसिंग हेडर जिथे जुळत होता तिथे मी त्या वाटेवर कधी पोचतच नव्हते.

दुसरी गोष्ट जाडीची. “इंजिनाला बॅकप्रेशर लागतं, मोकळं केलं की टॉर्क जातो” हे मी दहा गॅरेजांत ऐकलंय. टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. मिस्त्रींनी ते साफ खोडून काढलं. धूर अडवून कुठल्याही इंजिनाचं भलं होत नाही. पाईप जाड केल्यावर जातो तो धुराचा जोर. “एसटी जोरात गेली की मागे पाचोळा ओढला जातो ना? तीच एसटी रांगत गेली तर पान हलत नाही,” ते म्हणाले. पावणेदोन इंची पाईपातली आतली जागा दीड इंचीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. कमी आरपीएमला धूरच मुळात कमी, आणि त्याला एवढा ऐसपैस रस्ता दिला की तो रांगतो, मागच्याला ओढत नाही. तेच ६००० ला धुराचा लोंढा आला की बारीक पाईप त्याला आवळतो आणि जाड पाईप मोकळा सोडतो. त्यामुळे एकाच हेडरमधून दोन्ही टोकं पूर्ण मिळत नाहीत. कुठलं टोक हवं हे गिऱ्हाइकाने ठरवायचं असतं.

टॉर्क आणि पॉवर हा घोळ इथेच मिटवते, कारण विकणारे त्यावरच जगतात. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, बाकी नुसतं एककांचं गणित. या १२९८ सीसी, १६ वाल्वच्या जिप्सीचे कंपनीचे आकडे आहेत ४५०० आरपीएमला १०३ न्यूटन मीटर आणि ६००० ला ८० हॉर्सपॉवर. हिशेब केलात तर ६००० ला टॉर्क ९५ च्या आसपास उतरलेला असतो, तरी पॉवर जास्त दिसते, कारण फेरे वाढले. म्हणजे वरच्या टोकाला टॉर्क थोडा सावरून धरणारा हेडर ‘पॉवर वाढली’ असा आकडा दाखवू शकतो, आणि खाली २००० ला त्याने काढून घेतलेल्या टॉर्कचा उल्लेख त्या आकड्यात कुठेच नसतो. डोंगरात, घाटात, वाळूत गाडी चालवणाऱ्याने विकणाऱ्याकडे संपूर्ण आलेख मागावा.

ठरलं ते असं: फोर-टू-वन. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. प्रत्येक एक्झॉस्ट वाल्व अर्ध्या फेऱ्यापेक्षा बराच जास्त वेळ उघडा असतो, त्यामुळे लागोपाठच्या दोन सिलिंडरांचा धूर एकत्र सोडला तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या अजून उघड्या असलेल्या वाल्वमध्ये शिरतो. कंपनीच्या आखूड बिडाच्या मॅनिफोल्डला जागेची आणि किमतीची बंधनं असतात, तिथे हे थोडंफार चालवून घेतलेलं असतं. फोर-टू-वनमध्ये १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या दोघांच्या ठोक्यांत एक अख्खा फेरा अंतर पडतं, कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. मग दोन्ही जोड्या पुढे बराच लांब जाऊन एकत्र होतात. अशा रचनेचा फायदा एकाच आरपीएमला न एकवटता खालच्या आणि मधल्या पट्ट्यात पसरतो. वरच्या टोकाला फोर-वनएवढा जोर मिळत नाही. मला तो नकोच होता.

पहिल्या टप्प्याचे पाईप दीड इंची, पाऊण मीटरच्या आसपास लांब. एवढी लांबी स्टार्टर, स्टिअरिंगचा बॉक्स आणि चॅसिस यांच्यामधून वळवून नेणं हे खरं कौशल्य. वळण्यासाठी तयार बेंड वापरले. पाईप दाबून वाकवला की वळणावर चेपतो आणि आतली जागा घटते, तसला एकही बेंड या हेडरमध्ये नाही.

मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा चारही पाईप नुसते टाचून ठेवले होते. मिस्त्रींनी प्रत्येकाच्या एका तोंडाला रबराचं बूच बसवलं, पाईप उभा धरला आणि मापाच्या प्लास्टिकच्या भांड्याने त्यात पाणी ओतायला सुरुवात केली. वळलेल्या पाईपाची लांबी टेपने नीट मोजता येत नाही, पण जाडी सारखी असेल तर पाणी खोटं बोलत नाही. पहिल्यात ७२० मिलिलिटर. दुसऱ्यात ७२०. तिसऱ्यात ७२० ला थोडं कमी. चौथ्यात ७०५ लाच पाणी काठाला आलं. त्यांनी भांडं उजेडाकडे धरून परत पाहिलं, पाईप ओतून, फडक्याने पुसून पुन्हा भरला. पुन्हा ७०५. म्हणजे दीड-पावणेदोन सेंटीमीटर आखूड. रस्त्यावरच्या इंजिनाला एवढ्या फरकाने काही बिघडत नाही हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी टाके कापले आणि पोराला दुसरा तुकडा आणायला सांगितला. पाण्याने भिजलेल्या जमिनीवर चार पाईप ओळीने वाळत होते आणि त्यातला एक बाजूला काढून ठेवलेला, हे मला अजून दिसतं. असं काम करणाऱ्याला मी पैसे द्यायला मागेपुढे पाहत नाही.

वेल्डिंगबद्दल दोन शब्द. स्टेनलेसला बाहेरून आर्गन वेल्डिंग सगळेच करतात. पण आतल्या बाजूला हवा लागली की सांधा आतून करपतो, साखरेसारखे खरखरीत काळे दाणे येतात आणि धुराला अडतात. इथे पाईपाची तोंडं बंद करून आतूनही आर्गन सोडतात. मी कलेक्टरमध्ये, म्हणजे पाईप एकत्र येतात त्या भागात, बोट घालून सांध्यावरून फिरवलं. हलकी गोलाई लागली, बोचलं काही नाही. आधीच्या रेसिंग हेडरमध्ये हेच बोट फिरवलं तेव्हा खरवडलं होतं, शिवाय त्याचं गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ पट्टी) पोर्टच्या आत दोन मिलिमीटर डोकावत होतं. इथे हेडरचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित मोठं ठेवलंय. त्या बारीक पायरीमुळे बाहेर जाणाऱ्या धुराला अडथळा होत नाही, आणि उलटा येऊ पाहणारा धूर मात्र पायरीला अडतो.

दुसऱ्या टप्प्याचे दोन पाईप कलेक्टरमध्ये वेल्ड न करता एकात एक सरकणारे ठेवून स्प्रिंगने ओढून धरलेत. कारण ३०४ ग्रेडचं स्टेनलेस गरमीने साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं. पाऊण मीटरचा पाईप पाचशे अंशांनी तापला की सहा मिलिमीटरच्या वर लांबतो. सगळं जखडून टाकलं तर ती वाढ कुठेतरी चीर पाडूनच निघते. थंड असताना या जोडातून किंचित वाफ दिसते, दोन मिनिटांत बंद होते. ऑक्सिजन सेन्सरची जागा या जोडाच्याही पुढे असल्यामुळे मी थोडी धास्तावले होते. जोड दुहेरी सरकता आणि घट्ट आहे. चालू गाडीला सेन्सरचे आकडे मिस्त्रींनी स्कॅनरवर दाखवले, व्यवस्थित वर-खाली होत होते. सेन्सर चौघांचा धूर एकत्र झाल्यावरच बसवलाय, एकाच सिलिंडरच्या पाईपावर नाही, हेही महत्त्वाचं. एकट्या सिलिंडरवरून ईसीयूने चौघांचं पेट्रोल ठरवणं बरोबर नाही.

त्यापुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कंपनीचाच, सायलेन्सरही कंपनीचाच. मी तशी अटच घातली होती आणि मिस्त्रींना ती आवडली. सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या गाड्यांचं काम ते घेत नाहीत. पीयूसी पहिल्या फेरीत झाली.

आता खारी हवा. आमच्याकडे साध्या लोखंडाचा हेडर दोन पावसाळे काढेल, तिसऱ्यात भोकं पडतील. ३०४ टिकतं, पण समुद्राजवळ त्यालाही चहासारखे तपकिरी डाग येतात. माझ्या हेडरवर एका पावसाळ्यात आलेच. हे वरवरचे डाग आहेत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि ते खारेपणाला जास्त दाद देत नाही. पण त्याची किंमत ऐकून मी ३०४ वर थांबले. हेडरला कापडी पट्टी गुंडाळायची माझी इच्छा होती, गरमी कमी व्हावी म्हणून. मिस्त्रींनी नकार दिला. पट्टी पावसाचं पाणी आणि मीठ पाईपाला चिकटवून ठेवते, कोकणात ती नको. त्याऐवजी स्टार्टरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला. तो पावसात थोडा खडखडतो, एकदा जाऊन घट्ट करून आणला.

फरक किती पडला? इंजिनाचा जोर मोजणारं यंत्र, डायनो, इकडे नाही, म्हणून मी मोबाइलच्या घड्याळावर मोजलं. आंबा घाटात, साखरप्याकडून वर जाताना, एका ठरलेल्या सरळ चढावर, गाडीत मी आणि दहा भरलेले क्रेट, तिसरा गिअर, ३० वरून ५०. हिशेबाने हा साधारण दोन ते तीन हजार आरपीएमचा पट्टा. रेसिंग हेडरवर तीन वेळा मोजलं, सरासरी साडेअकरा सेकंद आली. नव्यावर साडेनऊ. रस्ता, दिवस, वारा यांनी थोडं इकडेतिकडे होतं हे धरूनही दोन सेकंद पुष्कळ झाले. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डशी घड्याळ लावून तुलना मी केलेली नाही. तो चांगला होता तेव्हा मोजायची गरजच वाटली नव्हती. बसल्या जागी जाणवतं ते असं, की मूळच्यापेक्षा थोडासा चांगला आहे, अंगावर येण्याइतका नाही. ज्याच्या गाडीचा मूळ मॅनिफोल्ड धड आहे त्याने फक्त टॉर्कसाठी एवढा खर्च करू नये, असं माझं मत आहे. त्याच पैशात टायर आणि क्लच नीट करा. हायवेला नव्वदच्या पुढे गाडी रेसिंग हेडरपेक्षा मंद आहे, हेही खरं.

तक्रारी तीन. पाच दिवस सांगून अकरा दिवस लावले. मधे फोन केला तर पोरगा “होईल होईल” एवढंच म्हणायचा, गाडी उभी आणि औषध फवारणी खोळंबलेली. दुसरी, साधारण सातशे किलोमीटरनंतर दोन नंबरच्या पोर्टला गॅस्केट फुंकायला लागलं. नव्या हेडरचे नट गरम-थंड होऊन सैल पडतात, पाचशे किलोमीटरला परत आवळायला हवेत. हे मला आधी सांगायला हवं होतं. गेले तेव्हा नवं गॅस्केट टाकून, चारही पोर्ट आवळून दिलं, पैसे घेतले नाहीत. तिसरी, बिलावर नुसतं ‘एक्झॉस्ट काम’ लिहिलं होतं. पाईपाचा ग्रेड, जाडी काही नाही. मागितल्यावर मागच्या बाजूला लिहून दिलं. खर्च २३,००० आला, त्यात फ्लँज, सरकता जोड, सेन्सरची बैठक आणि बसवणं सगळं.

या हंगामात ती वाट दुसऱ्या गिअरला चढते. अठरा क्रेट, वळण घेतल्यावर ॲक्सिलरेटर थोडा धरून ठेवायचा, इंजिन खाली येतं, जड होतं, आणि मग परत उचलतं. पहिल्या खेपेला आमचा जुना गडी सवयीने दगड हातात घेऊन वळणावर उभा होता. गाडी पुढून गेली तशी त्याने तो कलमाच्या बुंध्याशी ठेवला, आणि मे संपेपर्यंत तो तिथेच होता.

जाणाऱ्यांसाठी: मार्च-एप्रिलात आंबावाल्यांच्या गाड्यांची आणि ऑगस्टच्या आधी बोटींच्या कामाची गर्दी असते, गणपतीत वर्कशॉप बंद. पावसाळा ओसरल्यावर, नवरात्राच्या पुढे गेलात तर वेळ मिळेल. जुना मॅनिफोल्ड सोबत न्या, फ्लँजचं माप त्यावरून घेतात, आणि काम झाल्यावर तो आठवणीने परत मागून घ्या. माझा मी तेल लावून गोणपाटात बांधून शेडच्या माळ्यावर ठेवलाय.